बंद पीसीवरून लागलेला होल्ड

एक सरळ प्रश्न विचारते – वायर काढून टेबलावर ठेवलेला कॉम्प्युटर सर्व्हरवर लॉगिन करू शकतो का? हसण्याआधी पूर्ण वाचा. गेल्या महिन्यापर्यंत मीही हसलेच असते.

मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले. बाबा रेल्वेत फिटर, आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढणारे. भानामती, अंगात येणं, गंडेदोरे, सगळ्यांविरुद्ध. ती पत्रकं मी दप्तरातून नेऊन स्टेशनवर वाटायचे आणि लोकांशी भांडायचे. या सदरातले भुताखेतांचे अनुभवही मी आजवर फक्त त्यातल्या चुका शोधायला वाचले. आज स्वतःच लिहायला बसलेय... आणि बसवत नाहीये.

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी आयटी सांभाळते. प्लँटमधल्या बॅचचं काम एका जुन्या युनिक्स सर्व्हरवर चालतं. कंट्रोल रूमच्या पीसीवरच्या सॉफ्टवेअरमधून त्या सर्व्हरची काळी स्क्रीन उघडते. ऑपरेटर तिथून बॅच सुरू करतो किंवा होल्डवर टाकतो. होल्ड असला की रिॲक्टरच्या टाकीत सॉल्व्हंट सोडणारा पंप चालूच होत नाही. होल्ड लावताना कारण लिहावं लागतं. आमच्याकडे सगळे नुसतं एक टिंब देतात. आणि लॉगिन? अख्खी शिफ्ट पोपटमामांच्या नावानं. पोपटमामा म्हणजे आमचे सीनियर ऑपरेटर, वडगाव रासाईहून मोटारसायकलवर येणारे.

त्या आठवड्यात तीन नंबरच्या रिॲक्टरच्या पीसीचं कनेक्शन सारखं तुटत होतं. स्क्रीन गोठायची, लोक वैतागून खिडकी बंद करायचे, आणि सर्व्हरवर जुनं सेशन, म्हणजे ते उघडलेलं लॉगिन, तसंच लटकत राहायचं; ते मी मारलं, म्हणजे बंद केलं, की नवं उघडायचं. मग मामांचा फोन –

"ताई, मारा आमचं सेशन."

"मामा, सकाळपासून किती खून करायला लावताय?"

"तुमच्या हातनं मेलं तर सोनं व्हईल त्याचं!"

पिंग नीट होतं, म्हणजे पीसी नेटवर्कवर दिसत होता. टाइमआउट वाढवला, टर्मिनलचा प्रकार बदलला, केबल बदलली. फरक शून्य. शेवटी जेवणाच्या सुट्टीनंतर तो पीसीच उचलून माझ्या टेबलावर आणला. पॉवर नाही, नेटवर्क नाही, झाकण उघडं.

तेवढ्यात प्रॉडक्शन मॅनेजरांचा फोन. "तीन नंबरला होल्ड कोणी लावलाय? चार्जिंग अडकलंय, सॉल्व्हंट भरायचाय. काढ."

सर्व्हरवरची यादी पाहिली. मामांचं लॉगिन, चालू. नेटवर्कवरचा पत्ता – माझ्यासमोर उघड्या पडलेल्या पीसीचा.

जुनं लटकलेलं असेल म्हणून मारलं. गेलं... आणि परत आलं. नवं सेशन, पत्ता तोच. दुसऱ्या कोणी तोच पत्ता लावलाय का म्हणून नेटवर्कचा स्विचही तपासला. त्या पत्त्याचं एकही मशीन जोडलेलं नव्हतं. कंट्रोल रूमच्या पोर्टचा दिवा विझलेला. पुन्हा मारलं. पुन्हा आलं. फोन वाजतच होता.

होल्ड माझ्या लॉगिननंही काढता येतो. बॅचची स्क्रीन उघडली. एंटर दाबणार, एवढ्यात कारणाच्या रकान्याकडे लक्ष गेलं. टिंब नव्हतं. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द होते – आत माणूस आहे.

मी फोन उचलला, "होल्ड काढू नका" एवढंच ओरडले आणि पळत सुटले.

मामा कंट्रोल रूमच्या दारात उभे होते.

"मामा, होल्ड तुम्ही लावला?"

"कशानं लावू? पीशी तर तुम्हीच नेला की!"

"रिॲक्टरमध्ये कोण आहे?"

"कोन न्हाई. साफसफाईवाली पोरं कवाच भाईर आली. आत उतरायचं परमिट बंद झालं." पण हे बोलता बोलताच ते रिॲक्टरवर चढायच्या जिन्याकडे निघाले होते.

चार्जिंगची घाई इतकी की मॅनहोलचं झाकणही लागलेलं नव्हतं. मामांनी वाकून हाक मारली, "कोन हाय रं आत?"

आतून आवाज आला, "बस, आया चाचा! टॉर्च रह गया था।"

ठेकेदाराचा माणूस, लल्लन. टॉर्च हरवली तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतो, म्हणून कोणालाही न सांगता पुन्हा उतरला होता. तो आत आहे हे तेव्हा फक्त त्यालाच माहीत होतं, आणि लॉगिन म्हणजे काय ते त्याला माहीत नाही. मामांनी त्याला दंडाला धरून वर ओढून घेतलं. "आरं मुडद्या," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर माझ्या टेबलाशी. "पोपटनं मोबाइलवरून लॉगिन केलं, असं लिही."

सॉल्व्हंटच्या भागात मोबाइल सापडणं म्हणजे नोकरी गेली. मी म्हटलं, पत्ता मोबाइलचा नाही.

"मग कोणाचा? वडील पत्रकं वाटायचे ना तुझे? आणि तू रिपोर्टात भूत लिहिणार?"

"भूत कुठं लिहिलंय, सर? परमिट बंद झालं तेव्हा आत माणूस होता, एवढंच लिहिलंय. तेच तुम्हाला नकोय."

तो रिपोर्ट मी बदललेला नाही. पण होल्ड कोणी लावला, या प्रश्नापुढे मी 'माहीत नाही' लिहिलंय, आणि लॉगिन मामांचं, म्हणून त्याच दोन शब्दांवर त्यांना घरी बसवलंय. ते शिरूरला वकिलाकडे खेपा घालतायत. लल्लनला ठेकेदारानं भलत्याच साइटवर पाठवून दिलं. बाबा म्हणतात, कारण असणारच, सापडलं नाही एवढंच. मीही तेच म्हणते... पण त्यानंतर रोज लॉग उघडते, वाचते, बंद करते, पुन्हा उघडते.

मामांची चौकशी पुढच्या आठवड्यात आहे. तुमच्यापैकी कोणी युनिक्स सर्व्हर सांभाळत असेल, तर बंद मशीनच्या पत्त्यावरून सेशन उघडण्याचा एखादा खरा मार्ग मला लिहून पाठवा. त्यात मी मूर्ख ठरले तरी चालेल. फक्त भुताखेताचं लिहू नका. चौकशीत त्याची साक्ष धरत नाहीत. आणि उद्यावर टाकू नका, आजच लिहा.