ठेवायला दिलेला शब्द

नागझिरा अभयारण्याच्या गेटवर माझी चहाची टपरी आहे. तिथल्या एका गाईडभाऊंना पर्यटकांच्या तोंडचे गमतीचे इंग्रजी जोडशब्द फार आवडत. सकाळी जिप्सीतून उतरले की आधी माझ्याकडे येत. "बाई, हा ठेव. काउच पोटॅटो. म्हंजे सोफ्यावरचा आलू. दिवसभर टीव्हीपुढं लोळते, तो."

संध्याकाळी घरी निघताना भाऊ तो शब्द परत मागत, कारण दिवसभराच्या फेऱ्यांत त्यांना विसर पडे. मी चौथी शिकलेली, कोणाशी फारसे बोलत नाही. पण चहा उकळताना तो शब्द मनात घोळवत ठेवी.

घरी त्यांची बायको लकव्याने खाटेवर होती. शब्द तिच्यासाठी असे. "सोफा कायचा? मी तं खाटेवरचा आलू आहो," असे म्हणून ती खूप हसली, हे त्यांनीच मला सांगितले होते.

ती गेली. तेरवी आटोपून भाऊ कामावर आले आणि सवयीने टपरीशी थांबले. "बाई, हा ठेव. नाइट आऊल. रातचं घुबड. ज्याले रातभर झोप येत नाही, तो."

संध्याकाळी म्हणाले, "दे माहा शब्द."

"नाइट आऊल," मी म्हणाले.

त्यांनी तो दोनदा पुटपुटला, सायकलच्या पायडलवर पाय ठेवला आणि तिथेच थांबले.

"नेऊन काय करू, बाई? राहू दे तुयापाशीच."

आता ते नुसता चहा घेऊन जातात. मी मात्र तो शब्द अजून रोज घोळवते. कधी मागितला तर देता आला पाहिजे.