चवळीखाऊ न म्हटल्याचे सतरा दिवस

झान त्राओरे मास्तरांच्या घरी एकतीस वह्या आहेत. सोनीबुगूच्या शाळेत छत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवताना सुट्टी लागली की ते सायकल काढायचे, नायजर नदीकाठची गावं फिरायचे आणि सुगीनंतर चौकात होणारे कोतेबाचे खेळ उतरवून घ्यायचे. कोतेबात मुखियाची, इमामाची, करवसुलीच्या कारकुनाची, कोणाचीही नक्कल करता येते. ज्याची नक्कल होते त्यानं पुढच्या रांगेत बसून हसायचं असतं. मास्तरांनी असे दोनशे बारा खेळ नोंदवले आणि प्रत्येक नोंदीखाली दोन प्रश्न लिहिले. लोक हसले का? ज्याला हसले, तो सुधारला का? पहिल्याचं उत्तर जवळपास सगळीकडे ‘हो’ आहे. दुसऱ्याचं फक्त नऊ ठिकाणी.

नवाचा हा आकडा मास्तरांना सहन होत नाही. निवृत्तीनंतर ते स्वतः खेळ लिहू लागले आणि दर शुक्रवारी दुपारी गावच्या रेडिओवर वाचू लागले. विषय बहुतेक वेळा एकच, महापौर सिदिकी दियारा.

आडनावं आड आली. त्राओरे आणि दियारा ही दोन कुळं एकमेकांची थट्टेची सोयरी. त्राओरेनं दियाराला दिसताक्षणी चवळीखाऊ म्हणायचं, दियारानं तेच परत करायचं, वर ‘तुझा आजा आमची गुरं राखायचा’ असं जोडायचं. राग धरायचा नाही, हे पोटात असल्यापासून ठरलेलं. त्यामुळे मास्तरांनी महापौरांवर काहीही लिहिलं तरी गाव म्हणायचं, त्राओरे आहे, तो असंच बोलणार.

गेल्या जानेवारीत महापौरांनी नदीकाठी भिंत घातली. तिथे मेहुण्याचं यात्रीनिवास व्हायचं होतं. भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये बायकांचे कांद्याचे वाफे अडकले, नदी पलीकडे राहिली. भिंतीला लोखंडी फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. वाफेवाल्या बायकांची पुढारी वास्सा तांगारा. ती मास्तरांकडे आली तेव्हा रोपं वीतभर होती आणि पाणी अर्ध्या कोसावरच्या हापशावरून डोक्यावर येत होतं. असं फार तर तीन आठवडे निभेल, असा तिचा हिशेब होता.

मास्तरांनी खेळ लिहिला. महापौर फाटकाची फीत कापतात आणि पाणघोड्याला आत बोलावतात. पाणघोडा विचारतो, माझी खोली नदीच्या बाजूची आहे ना? गाव हसून लोळलं. सर्वांत जास्त हसले महापौर. त्यांनी रेडिओवर फोन करून सांगितलं की त्राओरेंच्या घरात पाणघोड्याएवढी तोंडं असल्यामुळेच चवळी पुरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाढवगाडीवर चवळीचं पोतं घालून, पुढे ढोल लावून, मास्तरांच्या दारात पाठवलं. फाटक बंदच राहिलं.

पुढच्या शुक्रवारी मास्तरांनी विनोद बाजूला ठेवून सरळ चोर म्हटलं. महापौरांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी लेखक म्हणून वेगळंच नाव घालून निवेदिकेकडून वाचून घेतलं, तर संध्याकाळी मासळीवालीनं त्यांनाच शाबासकी दिली.

वास्सा पुन्हा आली. बसलीसुद्धा नाही.

“मास्तर, तुम्ही लिहिता, तो हसतो. तुम्ही परत लिहिता, तो परत हसतो. माझे कांदे हसत नाहीत हो.”

“मग काय करू, रडू?”

“ते तुम्ही बघा. शिकलेले तुम्ही.”

दोन दिवस मास्तर घरातल्या सगळ्यांवर खेकसत वह्या उलटत होते. त्यांनी नऊच्या नऊ नोंदी पुन्हा वाचल्या. आठांत धागा सापडेना. नववी त्यांनी तरुणपणी कंटाळून चार ओळींत उरकली होती. एका गावात मुखियानं विधवेची गाय अडकवून ठेवली होती. कोतेबावाल्यांनी त्या वर्षी सगळ्यांची नक्कल केली, मुखियाला वगळलं आणि जाताना त्याला वाकून नमस्कार केला. चौथ्या दिवशी गाय परत. शेजारी तरुण मास्तरांनी शेरा मारला होता, ‘खेळ फसला. कोणी हसलं नाही.’

त्या शुक्रवारी मास्तरांनी रेडिओवर महापौरांचं पूर्ण नाव घेतलं, त्यांना दीर्घायुष्य चिंतलं, त्यांनी बांधलेल्या दोन वर्गखोल्यांचा उल्लेख केला, बारा जानेवारीपासून बायकांचं पाणी बंद असल्याचं एका वाक्यात सांगितलं आणि उठले. चवळीचा शब्द नाही. रेडिओच्या व्यवस्थापकाला वाटलं, मास्तर आजारी आहेत.

बाजारात महापौरांनी लांबूनच हाक मारली, “काय रे चवळीखाऊ, जिवंत आहेस?”

मास्तरांनी टोपी काढली, छातीवर हात ठेवला. “नमस्कार, महापौरसाहेब. घरी सगळं क्षेम आहे ना?”

महापौर हसले, थांबले, मागे वळून पाहिलं. भेंडी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. सोयऱ्यानं शिवी बंद केली म्हणजे नातं तोडलं, आणि नातं तोडण्याजोगं कोणी काय केलं, हे संध्याकाळपर्यंत चहाच्या प्रत्येक बैठकीत विचारलं जात होतं. कांद्याच्या वाफ्यांबद्दल आतापर्यंत गाव हसलं होतं. आता पहिल्यांदाच गावानं त्यांची चौकशी केली.

तरीही महापौर आठवडाभर ताठ राहिले. मग त्यांचे थोरले चुलते वारले. दियारांच्या मयतीला त्राओरे आले की धुडगूस ठरलेला. एखादा खोदलेल्या खड्ड्यात जाऊन आडवा होतो, मानाच्या म्हणून चघळायच्या कोलाच्या बिया हातात पडेपर्यंत उठत नाही. दुसरा मेलेल्याच्या चालीनं लंगडत अंगणभर फिरतो. त्यानं रडणाऱ्यांना श्वास घ्यायला मिळतो. मास्तरांनी आपल्या भाऊबंदांना आधीच गाठलं होतं. अकरा त्राओरे आले, चटईवर ओळीनं बसले, दुआ म्हटली, मान खाली घालून निघून गेले. म्हातारबांसारखं कोणी लंगडून दाखवलं नाही. महापौरांच्या आत्यानं भरल्या अंगणात पुतण्याला विचारलं, “सिदिकी, तू या लोकांचं काय केलंस?”

तिसऱ्या दिवशी भर दुपारी महापौर एकटेच मास्तरांच्या अंगणात आले.

“आपण बसा,” मास्तर म्हणाले.

“आपण म्हणू नकोस मला. माझ्या काकाला तू कोरडाच पुरलास.”

“दुआ केली की आम्ही.”

“दुआ इमामही करतो. तुझं काम वेगळं होतं.” महापौर उभेच होते. “एका फाटकासाठी?”

“फाटकासाठीच.”

“उघडतो. आता म्हण.”

“आधी उघडा, साहेब.”

महापौर ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी किल्ली मागवली. सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते सहा फाटक उघडं राहील असं ठरलं. भिंत तशीच आहे, यात्रीनिवासही उभं राहतंय. बायका पहिल्या घागरी भरून आत आल्या तेव्हा महापौर फाटकाशी अवघडून उभे होते, आणि मास्तर त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, “बाजूला हो, चवळीखाऊ, बायकांना वाट दे.” महापौरांचे डोळे भरून आले. मास्तरांना त्याचाही वैताग आला.

वरच्या दोन रांगा तोवर जळून गेल्या होत्या. वास्सानं उरलेल्यांतली एक जुडी आणून दिली आणि जळालेल्या रांगा कोणाच्या, ते नावानिशी सांगितलं. पाणघोड्यापासून खेळांवर घालवलेल्या तीन आठवड्यांत त्या वाचल्या असत्या, हे ती बोलली नाही. मास्तर स्वतःच बोलले.

दोनशे तेरावी नोंद त्यांनी स्वतःच्या खेळाची केली. लोक हसले का? नाही. सुधारला का? त्यांनी आधी ‘हो’ लिहिलं, खोडलं, ‘दिवसाचे सहा तास’ असं लिहिलं. त्या शुक्रवारी त्यांनी पुन्हा महापौरांवर जुन्या धर्तीचा खेळ वाचला. महापौरांचा फोन आला. या वेळी शिव्या कमी पडल्या, अशी त्यांची तक्रार होती.