अपघात दुरुस्त करणारा माणूस

आमच्या ह्यांना गाडीने उडवलं आणि हे ती गाडी दुरुस्त करून घरी आले. ठाण्यात मी हे वाक्य सांगितलं तेव्हा हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि मला ते पुन्हा म्हणायला लावलं. त्याची काही चूक नाही. मलासुद्धा पहिल्यांदा दोनदा ऐकावं लागलं होतं.

ह्यांचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. तीस वर्षं सायकलवरून घरोघर हिंडतात. कॅरिअरला लाकडी पेटी, पेटीत पाने, स्क्रू ड्रायव्हर, सुया, बॉबिन, तेलाची डबी. कोणाची मशीन दोरा तोडते, कोणाची टाके सोडते, कोणाची नुसतीच रुसून बसते. हे जातात, कान लावून चाक फिरवतात आणि रोग सांगतात. इथपर्यंत सगळं छान. पण मोडकी वस्तू दिसली की ह्यांच्याने राहवत नाही, हा खरा डोक्याला ताप. दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाकाचा डुगडुगणारा पाय बसवून होतो. माझ्या बहिणीकडे आम्ही तिच्या सासऱ्यांना भेटायला गेलो, तर हे अर्धा तास स्वयंपाकघरातल्या नळाखाली, आणि मी बाहेर सासऱ्यांशी एकटीच हवापाण्याच्या गप्पा मारत बसलेली.

मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रार खिडकीवर बसते. बावीस वर्षं झाली. तारीख, वेळ, ठिकाण, काय घडलं, कोणी पाहिलं, हे विचारल्याशिवाय मी कोणाला पुढे सरकू देत नाही. आणि देवाने गाठ घातली ती कोणाशी, तर जन्मात कधी तक्रार न केलेल्या माणसाशी.

त्या महिन्यात आमच्या घरात एकच विषय होता. शिवणकाम शिकवणाऱ्या एका मोठ्या केंद्राने ह्यांना मशीन दुरुस्तीचे शिक्षक म्हणून निवडलं होतं. एकावन्नाव्या वर्षी पहिली नोकरी. उन्हातान्हात सायकल हाणणं संपणार होतं. ह्यांना तर इतका आनंद झाला होता की आंघोळ करताना शिकवण्याचा सराव चालायचा. दाराबाहेर मला ऐकू यायचं, "तर मुलींनो, हिला शटल म्हणतात. हिला घाबरायचं नाही." सगळे कागद दिले होते, एकच राहिला होता. ह्यांच्या नावावर कुठली तक्रार नाही, असा पोलिसांचा दाखला. तो वीस तारखेपर्यंत दिला नाही तर यादीतला पुढचा माणूस घेणार, असं केंद्राच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि सात तारखेला, मंगळवारी संध्याकाळी, हे घरी आले ते एका हाताने चपला काढत.

"काय झालं?"

"काही नाही. एका गाडीचा जरा धक्का लागला."

"कुठे?"

"चौकात. ते वळत होते. त्यांचा बाजूचा आरसा माझ्या हँडलला अडकला. मी पडलो, आरसा निखळला. वायरीवर लोंबत होता बिचारा."

बिचारा कोण, तर आरसा. मी म्हटलं, "मग?"

"मग बसवून दिला."

"कोणी?"

"मीच. पेटी होतीच बरोबर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बावीस वर्षांची सवय, मी आधी माहिती घेतली. गाडीचा नंबर? बघितला नाही. गाडीवाल्याचं नाव? विचारलं नाही. कोणी पाहिलं? लक्ष नव्हतं. "पण मी त्यांना माझं कार्ड दिलं," हे मोठ्या समाधानाने म्हणाले.

"ते कशाला?"

"म्हटलं, घरी मशीन असेल."

मी कपाळाला हात लावला. निदान सायकलचे फोटो काढावेत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले, तर ह्यांनी माझ्याआधी उठून पुढचं चाक सरळ केलं होतं, हँडल बसवलं होतं, मडगार्डचा पोचा काढला होता आणि साखळीला तेलसुद्धा दिलं होतं. अपघाताच्या आधी होती त्यापेक्षा सायकल बरी दिसत होती.

तोवर मनगट सुजून टम्म झालेलं. मला सुट्टी मिळेना, म्हणून हे एकटेच डॉक्टरांकडे गेले आणि उजव्या हाताला प्लास्टर घालून परत आले. बारीक हाड तडकलंय, सुरुवातीला कळत नाही, सहा आठवडे हात हलवायचा नाही. मी डॉक्टरांचा कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं, पडल्यामुळे.

"गाडीने उडवलं हे नाही सांगितलंत?"

"ते म्हणाले काय झालं, मी म्हटलं पडलो. पडलोच की."

त्या दिवशी मी ह्यांना समोर बसवलं आणि मुलाला पाढे शिकवावेत तसं शिकवलं. गाडीने धडक दिली की आधी रस्त्याच्या कडेला यायचं आणि कुठे लागलंय ते बघायचं. सायकल सरळ करायची नाही, जशी आहे तशी राहू द्यायची. गाडीचा नंबर लिहून घ्यायचा, गाडीवाल्याचं नाव नि फोन घ्यायचा, गाडीचे नि सायकलचे फोटो काढायचे. ज्यांनी पाहिलं त्यांना थांबवून त्यांचे फोन घ्यायचे. पोलिसांना कळवायचं. दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि खरं कारण लिहून घ्यायचं. आणि काहीही झालं तरी माझंच चुकलं असं म्हणायचं नाही.

ह्यांनी सगळं मान डोलावत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण मी जरा मध्येच होतो गं."

"तुम्ही कडेने चालला होतात."

"हो, पण त्यांना वळायचं होतं ना."

मी हात टेकले.

सोळा तारखेला दाखला आणायला आम्ही दोघं ठाण्यात गेलो. हवालदार तसा बोलायला बरा होता. त्याने नाव पाहिलं, आतून एक कागद आणला आणि म्हणाला, "तुम्हाला दाखला कसा देणार? तुमच्या नावावर तक्रार आहे. चौकात गाडीला सायकल धडकवली, आरसा तोडला, दाराला ओरखडे पाडले आणि पळून गेलात."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. ज्या माणसाने आयुष्यात उसनी सुईसुद्धा बुडवली नाही, त्याच्याबद्दल सरकारी कागदावर पळून गेला असं लिहिलेलं. मी विचारलं, "ह्यांचं नाव कुठून मिळालं त्यांना?"

"कार्ड मिळालं."

"पळून जाणारा माणूस कार्ड देऊन पळतो का?"

"पळताना पडलं, असं म्हणणं आहे त्यांचं." हवालदाराने खांदे उडवले. "वीस तारखेला दुपारी त्यांना बोलावतो. तुमच्याकडे काही पुरावा असेल तर घेऊन या."

पुरावा. माझ्याजवळ काय होतं? सायकल नव्यासारखी, डॉक्टरांचा कागद उलटा, आणि नवरा असा, की विचारलं तर माझंच चुकलं म्हणायला तयार. तरी मी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चौकात गेले. तिथे किल्ल्या करणाऱ्याचं छोटं दुकान आहे. त्याला विचारलं, सात तारखेला संध्याकाळी एका सायकलवाल्याला गाडीने उडवलेलं पाहिलंत का?

"नाही बुवा. अपघात कुठे झाला? एक मेकॅनिक एका गाडीचा आरसा बसवत होता, तेवढं पाहिलं. काम काय स्वच्छ होतं त्याचं."

शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनीही मेकॅनिकच पाहिला होता. त्यांनी तर मला विचारलं, त्याचा फोन नंबर आहे का, आमच्या शटरचं काम आहे. मी रागारागाने नंबर दिला आणि परत कामावर आले. हे मात्र त्या दिवसापासून आंघोळीत गप्प होते. नुसता पाण्याचा आवाज यायचा. जीव तुटायचा माझा, आणि जीव तुटला की मला ओरडायलाच येतं, दुसरं काही येत नाही. म्हणून तीन दिवस मी ओरडत होते. नंबर का नाही घेतलात, लोकांना का नाही थांबवलंत, जगात कोणी तुमच्यासारखा भोळा पाहिला नाही, असं सगळं.

वीस तारखेला गाडीवाले आले. घरं विकण्याचा त्यांचा व्यवसाय. इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तर, आणि हवालदाराला आल्याआल्या नमस्कार. ह्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांनी जे लिहून दिलं होतं तेच पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. सायकलवाला भरधाव आला, आरसा तुटला, हाक मारली तर पळाला.

"मग आरसा नंतर कोणी बसवला?" मी विचारलं.

"आमच्या गॅरेजवाल्याने."

एवढा वेळ हे मान खाली घालून बसले होते. आता मान वर करून गाडीवाल्यांना म्हणाले, "गॅरेजमध्ये खरंच नेलीत का? बरं केलंत. कारण माझा स्क्रू तात्पुरता होता."

हवालदाराने विचारलं, "कुठला स्क्रू?"

"त्यांचा स्क्रू पडून हरवला होता. गाडीला प्लसचे असतात, माझ्याकडे नव्हता तसला. मी मशीनच्या सुईपट्टीचा लावला. त्याला एकच सरळ खाच असते. आणि आरसा खडखडू नये म्हणून खाली कापडाची घडी घातली. निळ्या रंगाची. त्या दिवशी एका बाईंकडे गणवेश शिवत होत्या, तिथली चिंधी खिशात राहिली होती."

हवालदार उठला. आम्ही सगळे त्याच्यामागे बाहेर. ह्यांनी डाव्या हाताने, खिशात बाळगलेला स्क्रू ड्रायव्हर घेऊन, आरशाखालची टोपी काढली. आत एक सरळ खाचेचा चकचकीत स्क्रू आणि त्याच्याखाली निळ्या कापडाची नीट चार पदरी घडी. हवालदार बराच वेळ वाकून बघत राहिला. गाडीवाल्यांनी रुमाल काढला.

"पळता पळता एवढी घडी घातली यांनी?" हवालदार म्हणाला.

मग काय, सगळं बाहेर आलं. ओरखड्यांसाठी विमा हवा होता, आणि कोणीतरी सांगितलं होतं की समोरचा पळून गेला असं लिहा, काम लवकर होतं. कार्ड हाताशी होतं म्हणून तेच नाव दिलं. "मला वाटलं साधा सायकलवाला आहे, कोण येतंय विचारायला," असंही ते बोलून गेले. त्यांनी तक्रार मागे घेतली, हवालदाराने आमचा दाखला समोरच शिक्का मारून दिला, आणि माझा जीव भांड्यात पडला. केंद्र पाच वाजेपर्यंत उघडं होतं. मी पर्स उचलली.

"थांबा," हवालदार म्हणाला. त्याने एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "आता यांची तक्रार घेऊ. यांचा हात मोडलाय, तुम्ही लिहा. पण ते सांगतील तेच लिहायचं. शब्द त्यांचे हवेत."

ह्यांनी नेहमीप्रमाणे नको नको केलं. मी नुसतं बघितलं, तेव्हा बोलायला लागले. मी लिहीत गेले. तारीख सात, वेळ सहा वाजून दहा मिनिटं, चौकातलं वळण. आरसा हँडलला लागला. पडलो. उठलो. आरसा बसवला.

"उठलात आणि आरसा बसवलात, याच्या मध्ये काय?" हवालदाराने विचारलं. "इतकं लागलेलं असताना आरसा कशाला घेतलात हातात?"

मी उत्तर ऐकायच्या तयारीतही नव्हते. मला ते माहीत होतं. मोडकी वस्तू दिसली की ह्यांच्याने राहवत नाही.

हे म्हणाले, "चाक माझ्या डोक्याजवळ थांबलं होतं. एवढं जवळ." त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. "टायरच्या खाचेत एक खडा अडकला होता, तो दिसत होता मला. वाटलं, आज काही आपण घरी जात नाही. मग उठलो, तर दोन्ही हात असे थरथरायला लागले, थांबेचनात. स्क्रू ड्रायव्हर धरला की माझे हात थांबतात. म्हणून समोर मोडलेलं जे होतं ते घेतलं."

गाडीवाले स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

तेरा दिवस मी ह्यांना नंबर विचारला होता, नाव विचारलं होतं, साक्षीदार विचारले होते, डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला होता. घाबरलात का, हे एकदासुद्धा विचारलं नव्हतं. मी खिडकीवर बसून परक्या माणसांनासुद्धा म्हणते, बसा, पाणी घ्या, मग सांगा. घरच्या माणसाला तेवढंही म्हटलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"लिहिलंस का?" ह्यांनी विचारलं. "हे नसेल लागत तर सोडून दे. गाडीचा नंबर घाल, तो महत्त्वाचा."

"घालते," मी म्हटलं. आणि आधी लिहिलं, मी फार घाबरलो होतो.

कागद फिरवून ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी सावकाश सगळं वाचलं आणि त्या ओळीवर थांबले. हवालदार म्हणाला, "त्यांचे शब्द नसतील तर खोडा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातून पेन घेतलं आणि डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.