शेजारच्या नर्सबाईंचा कॅमेरा

बदनापूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या नर्सबाई कधी स्वस्थ बसत नसत. पहिला कॅमेरा घ्यायला आम्ही दोघी जालन्याला गेलो. दुकानदार आपोआप चालणारा सोपा कॅमेरा दाखवत होता. त्यांनी हाताने फोकस करायचा घेतला. "माझी चूक मला कळली पाहिजे, मंग शिकंन मी," म्हणाल्या.

वर्षभर त्यांचे बहुतेक फोटो हललेले आले. मग एका सकाळी गल्लीतली बाळंतीण आपलं गेलेलं बाळ मांडीवर घेऊन त्यांना म्हणाली, "ताई, याचा एक तरी फोटो काढा."

तिची सासू म्हणाली, "न्हाई, असलं काही करू नका."

बाईंनी सासूकडे पाहिलंही नाही. तो फोटो अगदी स्पष्ट आला.

तेव्हापासून लेकराच्या फोटोसाठी कुणी बोलवायला आलं, की कॅमेऱ्याला हात लावण्याआधी त्या विचारत, "खेळून राह्यलं ना लेकरू?"