परसातली पुरलेली मडकी

लग्न होऊन सोलापुरास आले, त्याच दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा टाक घातला. माझ्या मेलेल्या सवतीचा. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, मग मी नेसायचं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण भांडी तिची, पाट तिचा, पलंगसुद्धा तिचाच. या घरात एक तरी गोष्ट माझी हवी, असा मी हेकाच धरला आणि परसात बाग करायला घेतली.

माहेराहून, कोकणातून, ओल्या गोणपाटात गुंडाळून अनंत, सोनटक्का आणि अबोली आणली होती. चैत्रात लावली. वैशाखात तिन्हींचा पार कोळसा झाला. दूध घालायला येणारी बाई बघून हसली.

"हितल्या उनात त्ये न्हाय टिकायचं, वैनी. कोरांटी लावा की. मिरग निगाल्यावर लावायची, आन् मावळतीचं ऊन चुकवायचं."

राग गिळून मी दोन दिवस नुसतं ऊन कुठून कुठे सरकतं ते पाहिलं. दुपारनंतर भिंतीची सावली येते तिथे जागा धरली. रोपाशेजारी मडकं पुरून पाणी पाझरू द्यावं, असंही मनात आलं. पहिला खड्डा खणला, तर वीतभर मातीखाली कुदळ खट्कन वाजली. मडकं होतं, तोंडावर कौल झाकलेलं. दोन हात सोडून दुसरा खड्डा घेतला. तिथेही मडकं. मग मुद्दाम विहिरीकडच्या कोपऱ्यात गेले. तिथेही. मी सहा जागा निवडल्या, सहाही सवतीने आधीच निवडलेल्या होत्या. एका मडक्याच्या तळाशी तर ओल होती, आणि तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

इथलं ऊनच तसं, कुणीही हीच जागा धरील, असं स्वतःला बजावून मी तीच मडकी भरली. मृगात कोरांटी लावली. एकही रोप दगावलं नाही. शेंडे कधी खुडायचे, पाणी कधी तोडायचं, कुणी न सांगता हातांना कळू लागलं. मला त्याचं भय वाटे, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटे.

मार्गशीर्षात कोरांटी फुलली. सकाळी मी परडीत फुलं खुडत होते. सासूबाई मागच्या दारात आल्या. त्यांची नजर तेज, तांदळातला खडा त्यांना लांबून दिसे. त्यांनी हाक मारली ती तिच्या नावाने. मी चटकन म्हणाले, "आले, आले."

हे न्हाणीपाशी दाढी करत होते, त्यांनीही मान वर केली नाही. कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मलासुद्धा, परडी देवापुढे ठेवीपर्यंत.