वंदनाची मुकी गिटार

नाटकवाल्यांच्या बिऱ्हाडात दिवसा फोन वाजला की शिव्याच पडतात. आमच्या झाडीपट्टीत, विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की आमचं सगळं उलटं होतं. रात्रभर नाटक, आणि दिवसा शाळेच्या खोलीत धानाचं तणस पसरून, वर सतरंजी टाकून झोप. त्या दिवशी आम्ही देवरीकडच्या एका गावात होतो. दुपारी फोन वाजला, कुणीतरी कुशीवर वळत खेकसलं, आणि मी उशाखालचा फोन घेऊन पदर सावरत बाहेर पळाले. वंदनाचा भाऊ बोलत होता. "कुसुमबाई, गेली वंदना..." म्हणाला. मला रडू फुटलं, पण मंडळी झोपलेली, म्हणून सवयीनं मी तोंडात पदर कोंबला. मग माझाच मला राग आला. आत गेले आणि एकेकाला हलवून उठवलं. म्हटलं, उठा, आपली वंदना गेली, आज कसली झोप घेऊन बसलात!

आता काही आठवडे झाले. भेटायला येणारा जो तो म्हणतो, "नाटकानं खाल्लं पोरीले." हे ऐकून माझं डोकं फिरतं. म्हणूनच हे लिहायला बसले आहे. मी नाटकात आईची आणि सासूची कामं करणारी बाई, लिहिणं हे माझं काम नव्हे. पण तिला जवळून पाहिलेलं माणूस गप्प बसलं तर लोक म्हणतील तेच खरं होऊन बसेल.

वंदना नवेगाव बांधजवळची. १९९९च्या हंगामात ती आमच्या कंपनीत नाचायला आली. प्रवेशांच्या मधे डान्स असतो, त्यासाठी. हडकुळी, सावळी, नाकात फुली, आणि तोंड असं की मालकालाही सोडायची नाही. आमचे मालक बंडूभाऊ माणूस वाईट नाही, पण डान्सरकडे तो बैलबाजारात दात पाहावेत तसा पाहायचा. वंदनाला जन्मापासून सिकलसेल. आमच्या भागात घरोघरी हा आजार आहे, रक्ताचा. थंडी लागली, पाणी कमी पडलं, की हाडं अशी ठणकतात की धडधाकट माणूसही गुरासारखं ओरडेल. ती दुखणं लपवून नाचायची. पण पुढं खुब्याचं हाडच खराब झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, नाच बंद. बंडूभाऊंनी तिला साडी-चोळी दिली, फोटो काढला आणि निरोप दिला. साडी घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मी घरी जाऊन काय करू? मले नाटकातच राहाचं हाये."

आणि त्याच वर्षी कुठून तरी ती ते लाकूड घेऊन आली. गोंदियातला एक ऑर्केस्ट्रावाला गाव सोडून चालला होता, त्याच्याकडून. गिटार म्हणे! पण गिटारीला पोट असतं, हिला पोटच नाही. नुसती मान, आणि खाली पाटाएवढा लाकडाचा तुकडा. माझ्या मेकअपच्या पेटीत आडवी मावायची. तिनं तारा छेडल्या, मला डास गुणगुणल्याएवढाही आवाज आला नाही. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "वंदे, फसवलं ना वो तुले त्यानं! मुकी गिटार घेऊन आली." ती हसली. त्या लाकडाला चौकोनी बॅटरी होती आणि कानाला लावायची वायर होती. जे काही ऐकू यायचं ते तिला एकटीला. तिला नेमकी तीच हवी होती, कारण कंपनी दिवसा झोपते. दुसरी कुठलीही गिटार तिला बिऱ्हाडात कुणी वाजवू दिली नसती.

त्यानंतर ती पगार न घेता, कपडेपट सांभाळायच्या बोलीवर आमच्याबरोबर फिरू लागली. आमच्या कंपनीचा जुना गिटारवाला तिला अधूनमधून बोटं कुठं ठेवायची ते दाखवायचा. बाकी सगळं कानानं. ज्या गाण्यांवर ती नाचली होती ती तिच्या अंगात होतीच. आम्ही झोपायचो आणि ती व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून, कानात वायर घालून बसायची. गावातल्या बाया कुंपणाशी उभ्या राहून पाहायच्या. एक बाई मला विचारून गेली, "तुमच्यातल्या त्या पोरीचं डोस्कं ठिकाणावर हाये ना? लाकूड खाजवून राहिली सकाळपासून." मी वंदनाला सांगितलं तर म्हणाली, "खाजवू दे ना बाई, आपलंच लाकूड हाये."

काही वर्षांनी हंगामाच्या तोंडावर जुना गिटारवाला दुसऱ्या कंपनीत गेला. बंडूभाऊ डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, वंदनाला बसवा. धानाच्या गोदामात दुपारी तालीम होती. वादकांनी तिच्या मुकीला मोठ्या स्पीकरची वायर जोडली, ऑर्गनवाल्यानं मान हलवली, हिनं पहिला हात मारला... आणि गोदाम दणाणलं! इतकी वर्षं जे कानात गुपचूप ऐकलं ते असं अंगावर आल्यावर ती स्वतःच दचकली. विस्तवाला हात लागल्यासारखे तिनं दोन्ही हात उचलले. सगळे खो-खो हसले. तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकली. बंडूभाऊ म्हणाले, "जाऊ दे. आणि तसंही बाई समोर वाजवत बसली तर लोक नाटक काऊन पाहतील?" त्या हंगामात नागपूरहून माणूस आणला.

मला वाटलं, आता ही खचणार. छे! ती गावी गेली, कंपनीचा एक फुटका स्पीकर भावाच्या अंगणात नेऊन ठेवला आणि भर दुपारी मोठ्यानं वाजवायला लागली. शेजारी भांडायला आले. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "पाहा बाई, आवाज नव्हता तं लोक हसत होते, आता आवाज हाये तं लोक भांडून राहिले." पण हात दचकायचा थांबला होता. पुढच्या वर्षी ती आपण होऊन तालमीला येऊन बसली. बंडूभाऊंनी तेच जुनं तुणतुणं लावलं, लोक काय पाहतील. ती म्हणाली, "भाऊ, आतापावतर पायाले पाहत होते, आता हाताले पाहू द्या." आणि वाजवलं. ऑर्गनवाल्यानं मधेच थांबून तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिच्यामागून निघाला. रंगमंचासमोरच्या वादकांच्या बैठकीत आमच्या कंपनीत पहिल्यांदा बाई बसली ती त्या वर्षी. काही गावांत टोमणे आले, एका गावात खडेही आले. तिनं मान वर केली नाही.

मान वर करायला वेळच नव्हता तिला. बाकीचे वादक नटाच्या तोंडाकडे पाहतात, ही पायांकडे पाहायची. नाचणारीच ती! आमच्या नाटकात एक प्रवेश आहे. मुलाचं लग्न लागलं त्याच दिवशी आई घर सोडून निघते, उंबऱ्याशी थांबते आणि शेवटचं वाक्य बोलते. त्या थांबण्यात वंदना एक लहानसा तुकडा वाजवायची. मी कधी घाईत, कधी रेंगाळत यायचे, पण तो तुकडा माझ्या पावलाबरोबरच उठायचा. मी विचारलं, तुला कळतं कसं? तर म्हणे, "तुझी टाच आधी रडते, बाई. डोळे मंग."

शेवटच्या वर्षी पावसाळाभर ती गोंदियाच्या दवाखान्यात आत-बाहेर करत होती. मी गेले तर पलंगावर आडवी, पोटावर मुकी, कानात वायर, हाताला सलाईन. दुसऱ्या हाताची बोटं तारांवर फिरत होती. वॉर्डात कुणाला काही त्रास नाही. डॉक्टर म्हणाले होते, जागरण नको, थंडी नको. भाऊ हात जोडून म्हणत होता, बाई, तुम्ही समजवा. मी समजावलं नाही, भांडले. म्हटलं, "मरशील, पोरी!" ती म्हणाली, "घरी बसून का अमर होईन? मी मराले चालली नाही बाई, वाजवाले चालली." आणि ती आली ती सगळी तयारी करून आली. पाण्याची कॅन, गोळ्यांचा डबा, दोन घोंगड्या, पायात लोकरी मोजे. जागरण टळत नाही म्हणून तिच्या वाजवण्याचे प्रवेश झाले की गाडीत जाऊन झोपायची. तिच्या गावच्या मंडईत वाजवलं तेव्हा भाऊ पहिल्या रांगेत बसला होता. त्यानंतर ती आणखी काही गावं फिरली. मग छातीत दुखलं, दवाखाना, आणि तो फोन. नाटकानं खाल्लं म्हणणाऱ्यांनो, आजारानं तिला लहानपणापासून खाल्लं होतं हो. त्याच्या तोंडून जेवढी वर्षं ओढून काढली ती या नाटकासाठी काढली तिनं. माझं मेलं काळीज फाटतं, पण तिची कीव करायची नाही. मला चालणार नाही.

बंडूभाऊंनी नवा गिटारवाला आणला आहे. वाजवतो चांगला, माणूसही सालस आहे. फक्त त्या उंबऱ्याच्या प्रवेशात मी त्याला हात लावू देत नाही. बंडूभाऊ एकदा बोलायला आले होते, माझं तोंड पाहून परत गेले. मी चालत येते, उंबऱ्याशी थांबते. सगळं शांत. पडद्याआडून प्रॉम्प्टर माझं वाक्य सांगतो. मी बोलत नाही. तो घाबरून पुन्हा सांगतो, इतक्या मोठ्यानं की पुढच्या रांगेला ऐकू जातं, आणि लोक कुजबुजतात, म्हातारी विसरली वाटते.

विसरले नाही. वंदनाचं वाजवून व्हायचं असतं. ते झालं की मी बोलते.