बिनकिमतीच्या चिप्स

तुमच्याकडे पत्त्यांच्या डावात पैशांच्या जागी काय लावतात हो? आमच्याकडे काय काय लावून झालंय ते सांगायला बसले, तर चहा दोनदा टाकावा लागतो. एक किस्सा काढला की दुसरा आपोआप येतो. माळ्यावरची एक पिशवी ओढली की शेजारची अंगावर पडते ना, तसं!

तेव्हा घरोघरी नुकतं केबल आलं होतं. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊसच्या लाइनीत राहायचो. आमचे हे अंबडला कारखान्यात. रविवारी दुपारी त्यांचे दोन मित्र यायचे. एक शरदभाऊजी, ह्यांच्याच खात्यातले, आमच्यापासून तीन घरं सोडून राहणारे. दुसरे दौलतराव, पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षं आणि कांद्याचे व्यापारी. चौथी मी.

माझा धाकटा भाऊ प्रकाश जहाजावर नोकरीला. त्याने सुट्टीत येऊन आम्हाला पोकर शिकवला. रमी काय, सगळेच खेळतात. पोकर म्हटलं की आम्हाला उगाच परदेशात गेल्यासारखं वाटायचं. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, पण 'फुल हाउस' मला पहिल्याच दिवशी कळलं. ह्यांना महिना लागला!

पण पोकरमध्ये दर फेरीला मध्ये काहीतरी टाकावंच लागतं, आणि अडचण तिथेच होती. शरदभाऊजी पूर्वी कंपनीतल्या काही जणांबरोबर पैसे लावून खेळायचे. त्यात त्यांच्या बायकोच्या, विमलच्या, पाटल्या गेल्या होत्या. मग त्यांनी ते सोडलं. पहिल्याच रविवारी विमल आली आणि उभ्या उभ्या सांगून गेली, "ताई, पत्त्यांशी माझं भांडण नाही. पण ज्या दिवशी टेबलावर पैसा येईल, नाहीतर पैशाचं काहीही येईल, त्या दिवशी मी पोरींना घेऊन मनमाडला आईकडे. परत यायची नाही."

विमल बोलते ते करते, हे आख्ख्या लाइनीला माहीत होतं. त्यामुळे आमची चिप नुसती स्वस्त असून भागणार नव्हतं. बाजारात तिला कुणी विचारता कामा नये!

शिवाय दर रविवारी भाऊजी घरी परतले की विमल गेटातच उभी असायची. "खिसा!" म्हणायची. भाऊजी पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर करायचे. सगळी लाइन हसायची. विमल हसायची नाही.

*

पहिली चिप दौलतरावांनी आणली. बेदाणे! प्रतवारीत खाली राहिलेले, काळपट, देठासकट.

"याला कोनी इचारत नाय वहिनी. बिनधास खेळा."

खेळलो. तिसऱ्याच डावात ह्यांनी ऐटीत पाच बेदाणे पुढे सरकवले आणि पत्त्यांत तोंड घालून बसले. शो करायची वेळ आली, तर ह्यांच्यापुढे नुसते देठ.

"अण्णा, पाच लावले होते ना?" शरदभाऊजींनी ह्यांना विचारलं.

"लावले होते. पण विचार करताना मला काहीतरी चघळायला लागतं."

दौलतराव म्हणाले, "मंग आता पोटाचा शो करा!"

त्या संध्याकाळी भाऊजींच्या खिशाच्या शिवणीत एक बेदाणा चिकटलेला विमलला सापडला. तेवढ्यासाठी ती आमच्याकडे आली आणि तो टेबलावर ठेवून गेली. एक बेदाणा! यावरून समजा, खिसा कसा तपासला जात असेल.

*

मग मला बटणांची कल्पना सुचली. दर सोमवारी सकाळी लॉन्ड्रीवाले गणपतभाऊ लाइनीतले कपडे न्यायला यायचे. माणूस इतका सरळ की दारातच सगळे खिसे उलटे करून, निघेल ते हातावर ठेवून मगच कपडे बांधायचे. धुताना तुटलेली बटणं त्यांच्याकडे डबाभर साठली होती. कुणाची कोणती ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"घेऊन जा वहिनी. खेळायलाच ना? मी काय करू त्यांचं!"

पांढरं बटण एकाचं, रंगीत पाचाचं, पितळी दहाचं. फार सुरेख चाललं होतं. पण एका रविवारी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, टेबलाशी थबकल्या आणि किंचाळल्या, "अगंबाई! हे तर आमच्या ह्यांच्या लग्नातल्या कोटाचं बटण!"

"काकू, ते मी आत्ताच जिंकलंय," शरदभाऊजी कळवळून म्हणाले.

"बटण तुम्ही जिंका, पण कोट आमच्याकडे आहे!" म्हणत काकूंनी ते उचललं.

पाच मिनिटांत सगळ्या लाइनीत बातमी. बायका ब्लाउज, शर्ट, पोरांचे युनिफॉर्म घेऊन रांगेत उभ्या! दौलतरावांच्या हातात चार एक्के होते. जन्मात एकदा येतात. पण पुढे लावायला टेबलावर एक बटण उरलं नाही.

*

त्यानंतर दौलतरावांनी पोतंभर चिंगळी कांदा आणला. चिंगळी म्हणजे बोराएवढे कांदे, मार्केटात कुणी हातही लावत नाही असे.

"हे तर आम्ही बांधावर फेकतो. पैशाचं काय बी नाय यात."

महिनाभर बरं चाललं. घराला फोडणीचा वास नसताना कांद्याचा वास, एवढाच काय तो त्रास. आणि मग अचानक कांदा भडकला! इतका की हॉटेलवाले भेळेवर कोबी घालायला लागले. पूर्वी मूठभर कांदे बिनधास्त लोटणारे आमचे हे एकेक कांदा निवडून, साल तपासून लावायला लागले. दौलतराव तर प्रत्येक डावात पत्ते टाकून मोकळे.

"दौलतराव, खेळा की!"

"कसा खेळू? काल याच्याहून बारीक माल गेला मार्केटात!"

हे विमलच्या कानावर गेलं. ती आली तेव्हा मध्ये चांगला ढीग जमला होता आणि शरदभाऊजींच्या चेहऱ्यावर ते जुनं काहीतरी दिसायला लागलं होतं. मला वाटलं, चालली ही मनमाडला!

विमलने डावाकडे पाहिलं, पदर खोचला आणि सगळा ढीग सुपात ओढला. "हा डाव मी जिंकले," म्हणाली आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात गेली. अर्ध्या तासात गरम भजी आली. भाऊजींनी सगळ्यात जास्त खाल्ली.

*

पुढच्या सुट्टीत प्रकाशने खऱ्या चिप्स आणल्या. पेटीत मखमल, आत लाल, निळ्या, हिरव्या चकत्या. हातात घेतल्या की जड लागायच्या, एकमेकींवर पडल्या की गोड वाजायच्या. प्रत्येकीवर आकडा छापलेला.

विमलने एक उचलली. "यावर शंभर लिहिलंय."

"अहो वहिनी, ते नुसतं लिहिलंय," प्रकाश म्हणाला.

विमलने भाऊजींकडे बोट केलं. भाऊजी पत्ते वाटायच्या आधीच शंभराच्या चकत्या वेगळ्या काढून त्यांची चळत रचत होते. ओठ हलत होते.

पेटी प्रकाशबरोबर जहाजावर परत गेली.

मग मी मेन रोडला खेळण्यांच्या दुकानांत हिंडले. एका दुकानदाराने हौसेने लहान मुलांची प्लास्टिकची नाणी काढली.

"पैसे नकोत," मी म्हटलं.

"मावशी, हे खोटे आहेत."

"खोटेसुद्धा नकोत!"

त्याने नाणी आत ठेवली आणि मला बसायला स्टूल दिलं. पाणी पण विचारलं.

*

शेवटी चिप मिळाली ती विमलकडूनच. वर्षाची चिंच फोडून झाल्यावर तिने चिंचोक्यांचा डबा आणून दिला.

"हे घ्या. हे कुणी चोरणार नाही, खाणार नाही आणि परत मागायला येणार नाही."

मी ते धुऊन, वाळवून तेलाचा हात फिरवला. मोजक्या चिंचोक्यांना माझं लाल नेलपॉलिश लावलं. साधा एकाचा, लाल दहाचा. हातात घोळवताना इतकं बरं वाटायचं की मखमलीच्या पेटीतल्या चकत्या कुणाला आठवल्या नाहीत.

पहिल्याच रविवारी दौलतरावांनी एक चिंचोका उजेडात धरला. "चिंचोक्याला बी भाव हाय बरं का. कापडाची खळ करत्यात याची..."

"दौलतराव, गप्प बसा!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

चिंचोके किती वर्षं चालले म्हणता? माझं नेलपॉलिश बंद पडलं, त्या कंपनीचं दुकान उठलं, लाइनीत मोबाइल आले, तरी डबा तोच.

*

आणि मग तो रविवार. शरदभाऊजींचा कंपनीतला जुना मित्र, सुधाकर, कित्येक वर्षांनी अचानक आमच्याकडे टपकला. पाटल्या गेल्या होत्या त्या डावांमधला हाच. त्याला पाहून ह्यांचा चेहरा पडला, पण दारात आलेल्याला काय म्हणणार? मी माझी जागा त्याला दिली आणि चहा ठेवायला आत गेले. विमल अळूवड्या घेऊन मागच्या दाराने आलेली होती. सुधाकरचा आवाज ऐकला आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

बाहेर एकेक करून ह्यांनी आणि दौलतरावांनी पत्ते टाकले. उरले दोघं. मध्ये चिंचोक्यांचा ढीग.

"काय रे शरद, पोरासोरांसारखं चिंचोके काय?" सुधाकर हसला आणि खिशातून शंभराची नोट काढून टेबलावर ठेवली. "हे घे. आता दाखव हिंमत."

विमलने माझ्या हातातला ट्रे घेतला आणि ती दारात जाऊन उभी राहिली. भाऊजींची तिच्याकडे पाठ होती. दौलतरावांनी तिला पाहिलं आणि छताकडे बघायला लागले.

भाऊजींनी नोटेकडे पाहिलं.

मग त्यांनी डाव सोडला आणि हातातले पत्ते सगळ्यांसमोर उघडे करून टाकले. तीन राजे, दोन सत्त्या. फुल हाउस!

सुधाकरने ते पाहिले आणि त्याचा रंगच उडाला. "अरे वेड्या, जिंकला असतास की!"

"माहीत आहे," भाऊजी म्हणाले. "उचल ती. आमच्याकडे ती चालत नाही. लाल असेल तर लाव."

तेवढ्यात विमल पुढे झाली आणि सुधाकरसमोर कप ठेवत म्हणाली, "भाऊजी, नोट उचला. चहा सांडेल तिच्यावर."

चहा पिऊन सुधाकर गेला. विमल वड्यांचं ताट ठेवून आधीच निघून गेली होती. पुढे दोन डाव झाले, भाऊजी दोन्ही हरले आणि शीळ घालत घरी गेले. त्या दिवशी गेटातून 'खिसा!' ऐकू आलं नाही. मी डबा भरायला घेतला, तर एक लाल कमी! सोफ्याखाली पाहिलं, सतरंजी झटकली, ह्यांना उभं करून झटकलं. नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतभाऊ विमलकडचे कपडे घेऊन आमच्या दारात आले आणि तिच्या दारात शरदभाऊजींच्या शर्टाच्या खिशातून निघालेला, तिनेच पाठवलेला लाल चिंचोका त्यांनी माझ्या हातावर ठेवला.